दाराखालची काळी रेघ

मी एक शर्यतीची गाडी आहे आणि आजवर एकही शर्यत धावलेली नाही. माझी लांबी वीतभरही नाही. अंग धातूचं, बूड काळ्या प्लॅस्टिकचं, चाकं रबराची. एका चष्म्याच्या दुकानात काचेच्या कपाटात मी उभी असते. खालच्या फळ्यांवर फ्रेमा, वरच्या फळीवर मी आणि माझ्या जातीच्या आणखी काहीजणी.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेला धातू साच्यात दाबून भरला, गार केला, रंग मारला, छाप उठवले आणि खोक्यात बंद केलं. कुणी बारसं केलं नाही. जिची मी प्रतिकृती, ती खरी गाडी म्हणे तीन वर्षं शर्यती धावली आणि दर वर्षी तिने रूप बदललं. पहिल्या वर्षी सगळी पांढरी, नंबर आठ, मागचा पंख बुटका. दुसऱ्या वर्षी नाक लाल, नंबर एकतीस, पंख उंच आणि दाराखालून एक लांब काळी रेघ. कारखान्याने मात्र पहिल्या वर्षाचीच गाडी काढली. पुढची वर्षं ज्याला हवीत त्याने ती आपली आपण करून घ्यावीत.

अशी करून घेणाऱ्या माणसांची एक जमातच आहे. माझे मालक त्यातले. धंदा चष्म्यांचा, वेड गाड्यांचं. त्यांचा मेहुणा त्यांना दाजी म्हणतो, म्हणून मीही दाजी म्हणते. मेहुणा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याला दाजी नुसतं पेंटर म्हणतात. रविवारी दुकान बंद ठेवून दोघं मागच्या खोलीत बसायचे आणि एखादीचं साल बदलायचे. ‘साल बदलणं’ हा त्यांचा घरचा शब्द. ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्या हातात काळाची किल्ली आहे. प्रत्यक्षात हातात थिनरमध्ये बुडवलेला कापूस असायचा.

कामाची वाटणी ठरलेली. दाजी आम्हाला खोलायचे, जुना नंबर पुसायचे, प्लॅस्टिकच्या पत्र्यातून नवा पंख कापायचे. त्याआधी जुन्या मासिकांतले फोटो धुंडाळून कुठल्या साली काय होतं ते पक्कं करायचे. केसाएवढा फरक राहिला तर त्यांना जेवण जायचं नाही. पेंटरचं सगळं उलट. तो पट्टी हातात धरायचा नाही. “नजर ब्रशवर ठेवायची नसते, दाजी. रेघ जिथं संपायची तिथं ठेवायची. हात आपला आपण जातो,” असं म्हणायचा आणि एका दमात रेघ ओढून मोकळा व्हायचा. त्याचा हात चुकलेला मी पाहिला नव्हता. मधे ताई, म्हणजे दाजींची बायको आणि पेंटरची थोरली बहीण, चहा आणून द्यायची आणि म्हणायची, “दोन म्हातारे आणि एक खेळणं.” खेळणं हा शब्द दोघांनाही लागायचा. त्यासाठीच ती तो वापरायची.

मग माझी पाळी आली. दाजींनी माझा आठ नंबर पुसला, उंच पंख बसवला. पेंटरने नाक लाल केलं, एकतीस लिहिला. आता दोन्ही बाजूंच्या रेघा राहिल्या होत्या. डावी आधी, उजवी नंतर. पेंटरने मला डाव्या हातात धरलं, काळा रंग ब्रशवर घेतला आणि रेघ ओढली.

ब्रश माझ्या दाराला लागलाच नाही. दाराखाली जे माझं काळं बूड आहे, त्याच्या कडेवरून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला. काळ्यावर काळं. “झालं,” म्हणून पेंटरने मला दाजींकडे दिलं.

“अरे, रेघ कुठाय?” दाजींनी विचारलं.

पेंटरने मला परत घेतलं. त्याचा अंगठा माझ्या दारावरून फिरला, रंग ओला लागतोय का ते बघत. लागला नाही. त्याचा चेहरा मी तेवढा जवळून पाहिला, दाजींनी नाही. तो घाबरला होता. गेले काही महिने त्याच्या पायऱ्या चुकत होत्या, खाली ठेवलेला रंगाचा डबा पायाने उडत होता. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. पाट्या रंगवणाऱ्याला नीट दिसत नाही, हे एकदा बाहेर फुटलं की त्याला कोण शिडीवर चढवणार?

“मुद्दाम सोडली,” तो म्हणाला. “त्या साली सुरुवातीच्या शर्यतींत रेघ नव्हती. नंतर आली.”

“नव्हती? कोण म्हणतं?”

“मी म्हणतो.”

दाजींच्या शास्त्रात हे बसणारं नव्हतं. आठवडाभर त्यांनी मासिकं उपसली आणि पुढच्या रविवारी पेंटरच्या पुढ्यात फोटो ठेवला. “ही त्या सालची पहिली शर्यत. आणि ही रेघ.”

पेंटर फोटोकडे बघत बसला. “म्हणजे मी खोटं बोलतो.”

“खोटं नाही रे. आळस. तुझं आता कामात लक्ष नसतं, तसं सरळ सांगावं माणसानं.”

पेंटरने ब्रश पुसले, पिशवीत भरले. “तुमचंच बरोबर, दाजी. नेहमीच असतं,” म्हणाला आणि गेला. चहा तसाच राहिला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दाजी म्हणायचे, येईल, जाईल कुठं? पेंटर म्हणत असणार, बोलावतील, राहतील कुठं? माणसांचं हे मला नेहमीच नवल वाटत आलं आहे. ताईने एकदा भांडी आवरता आवरता सुनावलं, “फोटो जिंकलात, भाऊ घालवलात.” मी अर्धवट अवस्थेत मागच्या खोलीत धूळ खात पडले आणि असे काही महिने गेले. मला धुळीचं काही वाटत नाही. पण त्या काळात पेंटरचं काय कमी होत होतं, ते त्या घरात फक्त मला ठाऊक होतं आणि मला तोंड नाही.

शेवटी दाजींनी ठरवलं, रेघ आपणच ओढायची. मला उचलून त्यांनी दिव्याखाली धरलं आणि डोळ्याला भिंग लावलं. मी जराशी कलले असेन. माझं बूड मळकट काळं आहे आणि पेंटरचा रंग चकचकीत काळा. उजेड बुडाच्या कडेवर पडला आणि रेघ दिसली. चांगली लांब, एकसारखी, कुठेही न थरथरलेली. फक्त जिथे हवी होती तिथून अंमळ खाली. मागच्या चाकावरही ब्रश चाटून गेला होता.

सालासाठी रेघ सोडणारा माणूस ती बुडावर ओढत नाही. दाजींनी भिंग काढलं, परत लावलं. मग मला तसंच शर्टाच्या खिशात टाकून ते पेंटरच्या घरी निघाले. चप्पल घालायचं भान राहिलं हेच खूप.

पेंटर खिडकीशी बसला होता. उठला नाही. “काय, दुसरा फोटो सापडला?”

“माझ्या नाकाकडे बघ,” दाजी त्याच्या समोर स्टूल ओढून बसले. “डावा डोळा झाक. नाकावरची नजर हलवायची नाही. खाली मी बोटं दाखवतो, किती ते सांग.”

“बरं. दाखवा की.”

“दाखवतोय.”

खिशाच्या काठावरून मला बोटं दिसत होती. पेंटरने हळूच झाकलेला डोळा उघडला, खाली बघितलं. दाजींची तीन बोटं तिथेच होती. मग पेंटर रडला आणि सगळं बोलला.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही मी खिशातच गेले. काचबिंदू, ते म्हणाले. डोळ्यातला दाब वाढत गेला. उजव्या डोळ्याची खालची नजर गेली, डाव्यालाही सुरुवात झाली आहे. गेलेलं परत येत नाही. आहे ते थेंब घालून राखायचं.

“चार महिने आधी आलो असतो तर?” पेंटरने विचारलं.

“थोडं जास्त राहिलं असतं,” डॉक्टर म्हणाले. खरं बोलणारा माणूस होता.

त्या दिवशी दाजी ताईजवळ बसून म्हणाले, “दिवसभर लोकांचे डोळे बघतो मी. समोर बसलेल्या तुझ्या भावाचे बघितले नाहीत. रेघ बघत बसलो.” ताईने त्यांना समजावलं नाही. पाणी मात्र आणून दिलं.

आता पेंटर शिडीवर चढत नाही. दुकानात दाजींच्या शेजारी बसतो, गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवतो आणि कुणाच्या नाकावर काय शोभेल ते न विचारता सांगतो. धंदा वाढला, असं ताई म्हणते. थेंबांची वेळ झाली की दाजी हातातलं काम टाकतात. उजव्या बाजूची रेघ कुणी ओढली नाही आणि डावीही कुणी दुरुस्त केली नाही. मी तशीच वरच्या फळीवर आले.

परवा एक गिऱ्हाईक आलं. ते त्याच जमातीतलं निघालं. मला बघून म्हणालं, “छान झालीय. पण नंबर एकतीस, म्हणजे दुसरं साल. दाराखालची काळी रेघ राहिली की.”

पेंटर पुढ्यातली फ्रेम पुसत होता. त्याचा हात थांबला.

“राहिली नाही,” दाजी म्हणाले. “सुरुवातीच्या शर्यतींत नव्हती ती. नंतर आली.”

“नव्हती? मला तर वाटतं फोटोत पाहिलीय मी.”

“चुकीचे फोटो फिरतात हो बाजारात. हे माझे मेहुणे. यांनी रंगवलीय. या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा.”

पेंटर बराच वेळ तीच फ्रेम पुसत राहिला.

तर माझी हकीकत एवढीच. कुठल्याच सालात न बसणारी गाडी म्हणून मी इथे सुखात आहे. तुम्ही कधी चष्म्याचा नंबर काढायला गेलात तर नंबर मिळाला की लगेच उठू नका. डोळ्यातला दाब कुठे मोजून मिळेल तेही विचारा. आणि घरातला एखादा माणूस एरवी न चुकणारी गोष्ट चुकला, तर फोटो शोधायला जाण्याआधी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसा.