उलट्या बाजूची गांसा

बालीतल्या एका शाळेत सुविती भौतिकशास्त्र शिकवत असे. त्रासातून माणूस घडतो, या विधानावर तिचा मुळीच विश्वास नव्हता. त्रासातून बहुतेकदा पाठदुखी घडते, असे तिचे निरीक्षण होते.

सध्याची अडचण मात्र पाठीपलीकडची होती. वस्तीच्या देवळाचा उत्सव तोंडावर आला होता आणि बायकांच्या गामेलान वाद्यवृंदासाठी नवी रचना बांधायचे तिने अंगावर घेतले होते. आरंभ जमला, शेवट जमला. मधला तुकडा काही केल्या जिवंत होईना. तो न जमल्यास जुनीच रचना वाजवावी लागणार होती, आणि ती आता शेजारच्या वस्तीतल्या बायकाही चिडवण्यासाठी गुणगुणत.

त्यातच वृंदाचे गुरू राईआजोबा यांनी नव्या बायकांना शिकवायचे काम तिच्यावर टाकले. गांसा म्हणजे काशाच्या पट्ट्यांचे वाद्य. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्यासमोर, त्याच गांसाच्या उलट्या बाजूला बसायचे, ही तिथली रीत. सुविती मात्र शेजारी बसली.

"समोर बस," आजोबा म्हणाले.

"समोरून सगळं उलटं होतं, आजोबा. खालचे सूर उजवीकडे जातात. हात चुकेल माझा."

"चुकू दे की. त्यांचेही चुकतायत. तुझाच हात एवढा लाडका का?"

"इथून दिसतंय त्यांना."

"तुझं कोपर दिसतंय. कोपर बघून कोण शिकलंय आजवर?"

ती समोर बसली. हात सवयीने उजवीकडे धावला; चढायचा सूर उतरला. वाजलेली पट्टी धरून सूर थांबवायचे काम डाव्या हाताचे; तो भलतीच पट्टी धरू लागला आणि नको ते सूर घणघणत राहिले.

"ताई, वर्गातल्या पोरांना बोलवू का बघायला?" शेजारच्या गांसावरून रेंतिनी खिदळली.

सुवितीचे कान तापले. तरीही दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा समोरच बसली, आणि पुन्हा चुकली. समोर शिकायला बसलेल्या आर्यानीने तीच चूक पट्टीन् पट्टी उचलली. नेमकी त्याच वेळी रेंतिनी मूळ ओळ बरोबर वाजवत होती. दोन्ही ओळी मधल्या पट्टीवरून निघाल्या. एक चढली, दुसरी उतरली, आणि परत येताना एकमेकींना छेदून गेल्या.

"थांबा! आर्यानी, काय वाजवलंस हे?"

"तुम्हीच शिकवलंत, ताई."

"चुकीचं शिकवलं. पुन्हा वाजव. रेंतिनी, तूही. हसू नकोस, वाजव!"

सुविती ऐकत राहिली. किरण आणि त्याचे परावर्तन: आयुष्यभर फळ्यावर काढलेली आकृती तिला प्रथमच ऐकू येत होती. मधला तुकडा सापडला होता.

उत्सवात शेजारच्या बायकांनी ही रचनाही गुणगुणायचा प्रयत्न केला, पण मध्यावर आल्यावर कोणती ओळ धरावी ते न कळून त्या गप्प झाल्या.

"काय मग?" आजोबांनी विचारले. "त्रासातून घडतं की नाही काही?"

"एका प्रयोगावरून निष्कर्ष काढता येत नाही, आजोबा."

"मग दुसरा कर. उद्यापासून ढोल."

सुवितीने आगाऊच पाठ चोळली, आणि ढोल कुठल्या बाजूने धरायचा ते विचारले.