दुसरा भाग

ऑगस्टमध्ये दत्तात्रेय मास्तर कोविडनं गेले. दुसऱ्या दिवशी श्रीहर्षनं मोबाइलवर मृतांची सरकारी यादी उघडली. त्यात नाव नव्हतं. 'पुरुष, एकसष्ट, धारवाड जिल्हा. मधुमेह, रक्तदाब.' एवढंच.

"बघ आई, अप्पा कसे गेले ते लिहिलंच नाही. त्यांचे जुने आजार तेवढे मांडून ठेवलेत."

सकाळीच शेजारच्या प्रभंजननं लीलाबाईंना कुंपणापलीकडून विचारलं होतं, "शुगर इत्तल्री, वहिनी? शुगर होती ना त्यांना?" हो म्हणताच त्याचा चेहरा निवळला होता. तेव्हापासून त्यांना एकच सलत होतं. मास्तरांची साखर त्या सांभाळत होत्या. चहा, भात, सणाचं गोडधोड, सगळं त्यांच्या हातचं.

चौदाव्यानंतर पुतणी वेदश्रीचा फोन आला. ती जवळच हुबळीत डॉक्टर होती. श्रीहर्षनं तिला सरळच सांगितलं, "अप्पांच्या मरणाच्या कागदावरून तो मधुमेह काढायला लाव."

"नाही काढता येत. आणि काढूही नये," वेदश्री म्हणाली. "अरे, मरणाच्या कारणाचे दोन भाग लिहितात. पहिल्या भागात श्वास थांबला, तो न्यूमोनियामुळं, आणि न्यूमोनिया कोविडमुळं. काकांची मोजणी कोविडमध्येच झालीय. मधुमेह दुसऱ्या भागात आहे. त्यानं मारलं नाही, पण आजाराला हात दिला."

लीलाबाईंनी फोन ओढून घेतला. "हात दिला म्हणजे माझंच कुठंतरी चुकलं ना गं?"

"काकू, खोटं नाही सांगणार. साखर नसती तर कदाचित वाचले असते. पण ती तुम्ही आणली नव्हती. तुम्ही सांभाळलीत, म्हणून इतकी वर्षं काका धडधाकट शिकवत होते."

"मग ते लिहायचं तरी कशाला?"

"पुढं कुणाला आधी जपायचं ते कळायला."

लीलाबाई त्या रात्री पहिल्यांदा रडल्या.

मार्चमध्ये लस आली. साठीच्या आतल्यांना जुना आजार असेल तरच मिळत होती. एका दुपारी प्रभंजनची बायको दीपाली स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "अक्का, ह्यांनाही दिवाळीनंतर शुगर निघालीय. कुणाला सांगू देत नाहीत. डॉक्टरांचा दाखला आणायलाही तयार नाहीत. म्हणतात, शुगर आहे हे कळलं, तर एकदा लागण झाली की लोक मला मेल्यातच धरतील."

लीलाबाईंना प्रभंजनचा ऑगस्टमधला तो निवळलेला चेहरा आठवला. आता त्याचा अर्थ लागला. तेव्हा तो माणूस स्वतःलाच धीर देत होता, मास्तरांना आपल्यापासून वेगळं काढून. राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांनी पदर खोचला आणि शेजारी गेल्या.

"प्रभंजन, उद्या दाखला घ्यायचा. मी येते बरोबर."

"वहिनी, मला काही..."

"मास्तरांना लस मिळाली नाही. तुला मिळतेय. चल."

लस घेतल्यावर सगळ्यांना अर्धा तास बसवून ठेवत होते. साठी उलटलेल्या लीलाबाईंनीही घेतली होती. दोघं खुर्च्या अंतरावर ठेवून बसले. बराच वेळ प्रभंजन दंडावरचा कापूस दाबत राहिला. मग खाली बघतच त्यानं विचारलं, "सरांना फार त्रास झाला का हो?"

आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. लीलाबाई सांगू लागल्या.