नळकिड्यांचं बेणं

रामप्रसाद सरांनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता. लग्नानंतर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. त्याचा फोटो त्यांच्या केबिनमध्ये बरोबर खुर्चीच्या डोक्यावर टांगलेला होता, म्हणजे येणाऱ्याची नजर आधी समुद्रावर पडावी आणि मग सरांवर. त्या एका फोटोच्या जिवावर या माणसानं हिंगोलीच्या कॉलेजात बावीस वर्षं समुद्री प्राणी शिकवले आणि तो प्राणिशास्त्राचा विभागप्रमुखही झाला. शिकवायची वही पिवळी पडली, पण सरांनी काही ती बदलली नाही.

त्याच प्राणिशास्त्र विभागात शीतल तासिकेवर शिकवत होती. जवळा बाजारची पोरगी, रोज एसटीनं यायची आणि रोज एसटीनं जायची. सहा वर्षं झाली होती. यंदा विभागात एक कायमची जागा निघाली होती, एकच. सहा वर्षांत पहिली. ती हुकली तर पुढची कधी निघेल हे सांगायला कोणी तयार नव्हतं. शीतलला ती जागा हवी होती, इतकी हवी होती की झोपेतसुद्धा ती मुलाखतीची उत्तरं देत होती.

तिचा अभ्यास होता नळकिड्यांचा. समुद्राच्या तळाशी, चिखलात, बोटाएवढे नाहीतर त्याहून लहान जीव असतात. ते वाळूचा एकेक कण वेचून, आपल्या अंगच्या चिकटीनं जोडून, स्वतःभोवती नळी बांधतात आणि जन्मभर तिच्यातच राहतात. तोंडाशी बारीक पाकळ्यांचा तुरा असतो. खायचं काही वाहत आलं की तुरा बाहेर. वरून नुसती सावली पडली की सुर्रकन आत. हे वाचल्या दिवसापासून शीतलला रामप्रसाद सर केबिनमधून बाहेर आले की हसू आवरायचं नाही.

तिची आई, सोजराबाई, मात्र कपाळाला हात लावायची. "अगं, आपल्या सोयाबीनवर काय कमी किडे हायेत का? काहून त्या समुद्राच्या मागं लागून राहिली?"

पण शीतल ऐकणारी नव्हती. तीन सुट्ट्यांत तीन वेळा ती रत्नागिरीकडच्या खाडीत जाऊन आली. ओहोटीच्या वेळा मच्छीमार बायकांना विचारून घेतल्या, मांडीभर चिखलात उतरली, आणि एकवीस नळकिडे नळीसकट, एकालाही धक्का न लावता, फॉर्मॅलिनच्या बरणीत घालून दोन गाड्या बदलून हिंगोलीला आणले. मुलाखतीत हेच दाखवायचे, असं तिनं ठरवलं होतं.

रामप्रसाद सरांनी वेगळंच ठरवलं होतं. त्या जागेसाठी त्यांच्या भाच्यानंही अर्ज केला होता. बालाजी त्याचं नाव. पोरगं वाईट नव्हतं, फक्त त्याला काही येत नव्हतं. अर्ज भरला त्याच दिवशी त्यानं व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली होती. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणजे काय, ते या मामा-भाच्याकडं पाहून कळावं. बरं, मुलाखतीच्या समितीत मामा स्वतः बसणार होते. आपल्याकडं याला अडचण म्हणत नाहीत, पात्रता म्हणतात.

मंगळवारी सरांनी शीतलला केबिनमध्ये बोलावलं. "शीतल मॅडम, नमुने म्हणजे विभागाची मालमत्ता. गुरुवारी मुलाखतीत ते बालाजी दाखवील. तुमी काय, हुशार आहात. तुमी फळ्यावर चित्र काढा."

शीतलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर, ते मी आणलेत."

"आणले असतील. कपाट कोणाचं हाय?"

कपाट विभागाचं होतं, किल्ली सरांकडं होती. ती घरी गेली आणि आईला काही न सांगता जेवायला बसली, आणि अर्धी भाकरी ताटात ठेवून उठली.

बुधवारी कॉलेजला सुट्टी. गुरुवारी ती सकाळी आठलाच प्रयोगशाळेत पोचली, निदान एकदा बरणी डोळ्यांनी पाहावी म्हणून. टेबलावर पांढरा ट्रे होता. ट्रेमध्ये गुलाबी, उघडे, लुळे पडलेले किडे होते. काहींचे तुरे तुटले होते. नळी एकालाही नव्हती. बाजूला काथ्याचा ब्रश आणि मोरीत मूठभर वाळू.

"मुंजाजी मामा!" ती किंचाळलीच.

मुंजाजी प्रयोगशाळेचा जुना शिपाई. नोकरी लागायच्या आधी आठ वर्षं त्यानं हळदीच्या पॉलिशच्या ढोलावर काम केलेलं. तो धावत आला, ट्रेकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"सायबानं सांगितलं, मॅडम. म्हणले, सगळी माती लागलीय, बाहेरून मोठ्या बाई येणार हायेत, हळकुंडावानी घासून चकचकीत कर. मी म्हणलं, सर, मॅडमला इचारू का? तर म्हणले, विभाग तुझ्या मॅडमच्या बापाचा हाय का?"

"अहो, ती माती नव्हती! ते त्यांचं घर होतं!" शीतल मटकन स्टुलावर बसली आणि तिला रडू कोसळलं. तीन वर्षं, तीन खाडीवाऱ्या, मांडीभर चिखल, सगळं काथ्याच्या ब्रशखाली गेलं होतं. पी हळद अन् हो गोरी, एवढीच या विभागप्रमुखाची अक्कल.

मुंजाजीनं कपाटामागं हात घालून एक छोटी लोणच्याची बरणी काढली आणि तिच्यापुढं ठेवली. आत दोन नळकिडे होते, वाळूच्या नळीसकट, जसेच्या तसे.

"हे?"

"बेणं हाय, मॅडम." मुंजाजीला तिच्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "पुढच्या लागणीचं बेणं बाजूला ठिवल्याबिगर सारीच्या सारी हळद कोणी शिजवतंय व्हय? सरांनी म्हणलं सगळे घास. पण सरांचं शेत बटाईनं दुसराच कसतोय, त्यांना काय ठावं?"

शीतलनं डोळे पुसले. बरणी ओढणीत गुंडाळली आणि पिशवीत घातली.

मुलाखतीच्या खोलीला प्लायवूडची भिंत होती, त्यामुळं बाहेर बसलेल्याला आतलं सगळं ऐकू यायचं. विद्यापीठाकडून आलेल्या तज्ज्ञ बाई पांढऱ्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या होत्या. बालाजीनं ट्रे त्यांच्यापुढं सरकवला.

"हे नळकिडे?" बाईंनी विचारलं. "मग नळी कुठं आहे?"

बालाजीनं मामाकडं पाहिलं असणार, कारण उत्तर मामांनी दिलं. "मॅडम, ही बिननळीची जात हाय. आमच्या विभागाचा शोध."

"असं? कधी गोळा केलेत?"

"ओहोटीला. रोज सकाळी दहाला."

"रोज दहाला?"

"बराबर दहाला!" सरांचा आवाज चढला. कालव्याची पाणीपाळी जशी वेळेवर सुटते, तसंच समुद्राचं असणार, यात त्यांना शंका नव्हती. "महिनाभर गेलो. एक दिवस उशीर न्हाई."

बाहेर शीतलनं ओढणी तोंडात कोंबली. ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढं सरकते, हे खाडीवरचं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल.

मग तिचं नाव पुकारलं. ती आत गेली, पिशवीतून लोणच्याची बरणी काढली आणि बाईंपुढं ठेवली. बाईंनी भिंगातून पाहिलं. मग ट्रेकडं पाहिलं. मग परत बरणीकडं.

"ट्रेमधले आणि हे, एकच?"

"एकच, मॅडम. ते घासलेत, हे राहिलेत."

"कोणी घासले?"

शीतलनं सरांकडं पाहिलं. सरांचा चेहरा उतरला होता. मग तिला मुंजाजी आठवला, आणि त्याचं नाव घेतलं तर सुरी कोणाच्या मानेवर पडेल तेही. "विभागप्रमुखांच्या आदेशानं," ती म्हणाली. वाळूचा कण कण किडा कसा निवडतो, नळी कशी बांधतो, यावर बाई तिला पाऊण तास विचारत राहिल्या. रामप्रसाद सर त्या पाऊण तासात खुर्चीत इतके आत सरकले की टेबलावर नुसता भांग दिसत होता.

बाईंनी दुसऱ्या कुठल्याही नावापुढं सही करायला साफ नकार दिला. आठ दिवसांनी शीतलच्या हातात नेमणुकीचं पत्र पडलं. सोजराबाईनं ते दोनदा वाचून घेतलं आणि मग कोपऱ्यात जाऊन रडली.

सावली सरली तसा सरांचा तुराही बाहेर आला. सत्कार त्यांनीच ठेवला. बॅनर लागला, त्यावर शीतलचा फोटो सुपारीएवढा आणि सरांचा परातीएवढा. समोर पालक, हळदवाले, शेतकरी, पहिल्या ओळीत सोजराबाई, मागं दाराशी मुंजाजी. सरांनी शीतलच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला आणि माईक हातात घेतला.

"ही पोरगी आली तेव्हा काय होती? मातीत माखलेली! मी घासली, पुसली, तेव्हा आज ही अशी चमकून राहिली!"

टाळ्या पडल्या. शीतल स्टँडवरच्या दुसऱ्या माईकपाशी गेली. घरी तिनं आभाराची चार वाक्यं पाठ केली होती, ती एकही आठवली नाही.

"सर बोलले ते खरं हाय," ती म्हणाली. "सरांनी माझे एकोणीस किडे घासले. ते समदे मेल्यावर पुन्हा मेले, अन् आता कचऱ्यात हायेत. मी त्यातली न्हाई. मी बेण्यातली हाय."

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग दाराशी मुंजाजी हसला. त्याचं पाहून हळदवाले हसायला लागले, आणि सोजराबाईनं पदर तोंडाला लावला. सर हातातला माईक कोणाला द्यावा म्हणून इकडंतिकडं पाहत होते, पण तो घ्यायला कोणी पुढं आलं नाही.