रंगाऱ्याचे पाय

रंगाऱ्याने दारू सोडली त्याला चौथं वर्ष लागलं होतं, आणि तो पुन्हा झोकांड्या खायला लागला.

त्याची बायको घरी पडदे शिवायची. तो ज्या घरांच्या भिंती रंगवी, त्यातल्या निम्म्या घरांचे पडदे तिच्याकडे येत. नव्या रंगावर जुने पडदे कुणाला बघवत नाहीत. दारूने त्याचं लिव्हर केव्हाच पोखरलं होतं. मागे एकदा रक्ताची उलटी झाली, तेव्हा डॉक्टरांनी लिव्हरच्या आतून नळी टाकून रक्ताला वेगळी वाट करून दिली. उलट्या थांबल्या, तो कामाला जाऊ लागला, आणि तिला वाटलं, सुटलो एकदाचे.

मग पाय बिघडले. जिना उतरताना गुडघे वाकेनात. चपला पुढून घासून झिजायला लागल्या. शिडीवर उभा राहिला की टाच आपसूक थडथडायची. त्याच्या जोडीला काम करणारा लंबू, रंगारी घरी नाही असं बघून एकदा तिच्याकडे आला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला. त्याचा हात अजून लोण्यासारखा फिरतो म्हणाला, भिंतीवर रंगाची सरळ पट्टी ओढावी तर त्यानेच. मग जरा वेळाने मुद्द्यावर आला.

"वहिनी, तोंडाला वास येत नाही. पण चालतो कसा, ते तुम्हीही बघताय. मी त्याला शिडीवर चढवणार नाही."

लंबू गेल्यावर तिने घर पालथं घातलं. रंगाचे डबे, माळा, पिठाचा डबा, गादीखाली, काही म्हणजे काही सोडलं नाही. बाटली सापडली नाही. तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, आता लपवण्यातही पटाईत झाला.

चार दिवसांनी तो भर संध्याकाळी फाटकाशी आडवा झाला. समोरच्या घरातलं कुणीतरी हसलं, एकाने त्याला हाताला धरून आत आणून सोडलं. तो बोलायला गेला, तर तिने तोंडच उघडू दिलं नाही.

"शपथा घेऊ नका. तुमच्या शपथा जोडल्या तर गोधडी होईल."

भांडणारा माणूस तो कधीच नव्हता. पिऊन यायचा तेव्हासुद्धा भिंतीकडे तोंड करून झोपायचा. तिने कपडे भरले आणि बहिणीकडे निघून गेली. पाय ताळ्यावर आले की फोन करा, एवढं दारातून सांगून.

दोनेक महिन्यांनी फोन आला तो लंबूचा. लगेच या, एवढंच म्हणाला. ती आली तेव्हा नवरा कोपरांवर सरकत न्हाणीकडे निघाला होता. मागे पाय फळीसारखे सरळ फरफटत होते. तिने एक पाय वाकवून बघितला. तो वाकेना, जोर दिला तसा थरथरायला लागला आणि थांबेचना. दारुड्याचे पाय ती लग्नापासून बघत आली होती. हे ते नव्हते.

हॉस्पिटलात मणक्याचे फोटो काढले. त्यात काहीच निघालं नाही, तेव्हा ती खूश झाली. डॉक्टरीणबाईंनी तिला बसवून घेतलं.

"गाठ असती तर काढली असती," त्या म्हणाल्या. "इथे काढायला काही नाही."

मग त्यांनी नीट समजावलं. रक्त गाळायचं काम लिव्हरचं. याचं लिव्हर दुबळं, त्यात नळीमुळे बरंचसं रक्त त्याला वळसा घालून न गाळताच पुढे जातं. ती घाण मेंदूला बाधते, तशी क्वचित कुणाच्या मज्जारज्जूलाही बाधते, आणि पाय ताठरत जातात. नवीन लिव्हर लवकर बसलं तर काहींचे पाय सुधारतात. आता बसलं तर जीव वाचेल, पायांचं सांगता येत नाही.

लवकर म्हणजे किती, हे तिने विचारलं. बाईंनी कागद चाळले आणि असा काही ठरलेला काळ नसतो म्हणाल्या. तिच्यावर दया करताहेत, हे तिला कळलं. रक्तात दारूचा मागमूस नव्हता, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. तिने आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायची तयारी दाखवली. रक्तगट जुळला नाही. त्याचं नाव प्रतीक्षायादीत गेलं.

घरी त्याचे पाय झोपेत कात्रीसारखे एकावर एक चढायचे. ते सोडवून ती मधे उशी ठेवायची. एकदा उशी ठेवता ठेवता तिच्याच्याने राहवलं नाही.

"मी तुम्हाला टाकून गेले."

"मलाही तसंच वाटलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"की मी पितोय आणि मला आठवत नाही. तू गेल्यावर मीसुद्धा बाटली शोधायचो. डॉक्टरकडे म्हणूनच गेलो नाही. त्यांनीही तेच सांगितलं असतं तर?"

तिने उशी धरून ठेवली. तो तिला एक शब्द वेडावाकडा बोलला असता तर बरं झालं असतं. तो बोलला नाही, पुढेही कधी नाही.

पडून पडून पाठीला जखम झाली, ती चिघळली, ताप चढला. त्या तापातच हॉस्पिटलातून फोन आला: एक लिव्हर आलंय. ती उभीच राहिली. पलीकडच्या माणसाने सवयीने विचारलं, ताप वगैरे नाही ना? तिला खोटं बोलायचं होतं. जीभ वळली नाही, आहे म्हणाली. तो माणूस म्हणाला, असं असेल तर ते पुढच्याला द्यावं लागेल, पुन्हा आलं की कळवू.

आतून त्याने विचारलं, कुणाचा फोन.

"पडद्याचं गिऱ्हाईक."

"रंग कुठला?"

"फिका निळा," ती म्हणाली.

"मग भिंत पांढरीच ठेवायला सांग त्यांना. निळ्याला निळं लावतात लोक, खोली अंधारते."

सांगते म्हणाली. फोन अजून तिच्या हातातच होता.