मबुयुनीची फरशी

पाहुण्यांना वाटतं की गाइडची नजर घारीची असते. असू दे त्यांचा समज. खरं तर आम्ही कानांवर जगतो. सेरेंगेटीत कुणा एकाला सिंह दिसला की तो गाडीतल्या रेडिओवर बाकीच्यांना सांगतो, आणि पाहुण्यांना पत्ता लागू नये म्हणून आम्ही सिंहाला मिशा म्हणतो, बिबट्याला ठिपके, आणि चित्त्याला, त्याच्या डोळ्यांखालच्या काळ्या रेघांमुळे, रडकी. ऐकणाऱ्यांपैकी जो जवळ असेल तो "मिळालं" म्हणतो. मग मी मागे वळून पाहुण्यांना सांगतो, "मला आतून काहीतरी जाणवतंय, जरा डावीकडे जाऊन बघू या." गेली वीस वर्षं मला असंच काहीतरी जाणवतंय आणि त्यावर माझं घर चाललंय.

हे सगळं मला मास्तरांनी शिकवलं. त्यांचं नाव एलिफुराहा, पण आमच्यातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून एकेक हंगाम काढलेला, त्यामुळे सगळे मास्तरच म्हणायचे. एकदा रस्ता खचल्याचं मी रेडिओवर सांगितलं आणि गाडी पुढे काढली. मास्तरांनी विचारलं, "उत्तर आलं?" मी म्हटलं, नाही आलं, पण ऐकलं असेल कुणीतरी. त्यांनी मला अठरा किलोमीटर मागे फिरवलं. "मिळालं असं कुणी म्हणेपर्यंत आपण बोललोच नाही," ते म्हणाले. "हे डोक्यात ठेव, तेओ. बाकी सगळं विसरलास तरी चालेल."

त्याच मास्तरांनी यंदा फेब्रुवारीत अकरा दिवस तोंड बंद ठेवलं.

पूर्वेकडच्या खडकांमागे त्यांना चार पिल्लांची रडकी सापडली होती. त्यांनी ती फक्त आपल्या पाहुण्यांना दाखवली, तीही लांबून, आणि रेडिओवर अवाक्षर काढलं नाही. आम्ही ओळखलंही नसतं. पण त्यांच्या एका पाहुणीने घरी गेल्यावर फोटो इंटरनेटवर टाकले आणि खाली लिहिलं की आमच्या गाइडने हे गुपित फक्त आम्हालाच दाखवलं. फोटोत मागचे खडक स्पष्ट दिसत होते. आमच्यात एक लान्युनी आहे, उंच, देखणा, बोलण्यात कुणाला हार न जाणारा. त्याच्या पाहुण्यांनी सकाळी नाश्त्याला तो फोटो त्याच्यासमोर धरला आणि विचारलं की आम्ही इतके पैसे मोजून फक्त रानम्हशी का बघतोय. जाताना त्यांनी त्याच्याबद्दल जे लिहिलं ते त्याच्या मालकाने त्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

लान्युनीचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. आजकाल पाहुणा घरी पोचायच्या आत आमचा निकाल लावून मोकळा होतो आणि पुढचा पाहुणा तो निकाल वाचूनच कंपनी निवडतो. सगळ्यांनी सगळ्यांना सांगायचं, या एका गोष्टीवर आमचा गाडा चालतो.

खडक ओळखायला आम्हाला अर्धा दिवस लागला. दुसऱ्या दिवशी तिथे चाळीस गाड्या होत्या. मीही होतो. रडकी दिवसाउजेडी शिकार करते आणि तिला मोकळी जमीन लागते. आम्ही तिला ती ठेवली नाही. त्या गर्दीच्या नवव्या दिवशी पिल्लं दोनच दिसली. मग ती त्यांना घेऊन कुठे गेली ते कुणाला कळलं नाही.

त्या संध्याकाळी मास्तर रेडिओवर आले. आवाज नेहमीचाच, शांत. "सगळ्यांसाठी निरोप. रडकीची चारांची दोन झाली. मी का सांगत नव्हतो ते आता कळलं असेल." कुणीतरी सवयीने "मिळालं" म्हणून गेला आणि आपलीच जीभ चावली असावी, कारण नंतर बराच वेळ रेडिओ गप्प होता.

सेरोनेराच्या पेट्रोल पंपावर सकाळी आमची गर्दी असते. तिथे एक बाई मंदाझी, म्हणजे मैद्याचे गोड वडे, तळते आणि आमची सगळी कोर्टकचेरी तिच्या चुलीभोवती चालते. लान्युनीने तिथेच निकाल दिला.

"उद्यापासून म्हाताऱ्याला उत्तर नाही. त्याने काहीही सांगू दे, ऐकायचं आणि गप्प बसायचं. आणि त्याला कुणी काही सांगायचं नाही."

"किती दिवस?" मी विचारलं.

"त्याला गुपितं आवडतात ना? मग घेऊ दे हौस भागवून. का रे तेओ, तुला त्याचा पुळका आलाय का?"

"मी फक्त किती दिवस ते विचारलं."

"त्याने माफी मागेपर्यंत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. माझ्या तोंडात मंदाझी होता, हे कारण नव्हे.

कानांवर जगणाऱ्या माणसाला बहिरं केलं की काय होतं ते मार्चभर दिसलं. मास्तर पहाटे सगळ्यांच्या आधी निघायचे आणि सगळ्यांच्या नंतर परतायचे. साठीला आलेला माणूस, नुसत्या डोळ्यांनी किती जमीन चाळणार? त्यांचे पाहुणे आमच्या पाहुण्यांना तंबूत भेटायचे, आणि कुणी किती बिबटे पाहिले याची तुलना व्हायची. त्यांच्या कंपनीच्या मालकीण, शोसेबाई, आरुशातल्या आपल्या ऑफिसात बसून एकेक तक्रार वाचत होत्या. बाई वाईट नाहीत. पण त्यांच्याकडे सहाच गाड्या, आणि मोठ्या कंपन्यांनी भाव पाडलेले. तिसऱ्या तक्रारीनंतर त्यांनी मास्तरांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की आणखी एक तक्रार आली की चावी टेबलावर ठेवा. हे मास्तरांनी कुणाला सांगितलं नाही. बाईंच्या ऑफिसातल्या मुलीने लान्युनीला सांगितलं आणि त्याने पंपावर सगळ्यांना. तेव्हा आम्हाला सगळं माहीत होतं. ते नीट लिहून ठेवतो.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वरच्या बाजूला दोन दिवस पाऊस कोसळला. मबुयुनीच्या ओढ्यावर एक बुटकी फरशी आहे, पाण्यालगतचा सिमेंटचा ठेंगणा पूल. तिच्यावरून गेलं की पश्चिमेकडचे सगळे तंबू तासाभरात येतात. वरच्या रस्त्याने गेलं तर सव्वा तास जास्त.

त्या दुपारी एक चाळीसला मी पाणघोड्यांच्या डोहाजवळ पाहुण्यांना जेवणाचे डबे वाटत होतो. रेडिओ खरखरला.

"मास्तर बोलतोय. मबुयुनीची फरशी मधोमध तुटलीय. वरून पाणी घोट्याइतकं दिसतं, फसू नका, खाली काहीच नाही. सगळ्यांनी वरच्या रस्त्याने जा. कुणी ऐकतंय का?"

कुणी बोललं नाही. दोन मिनिटांनी पुन्हा तेच, शब्दाला शब्द. मग पुन्हा. चौथ्या वेळी ते म्हणाले, "बाकीचं राहू दे. हे एवढं मिळालं का ते सांगा."

माइक माझ्या हातात होता. बोलायचीही गरज नव्हती. बटण नुसतं दाबून सोडलं असतं तरी त्यांच्याकडे खट्ट वाजलं असतं आणि त्यांना समजलं असतं. पण मग ते खट्ट बाकीच्यांनीही ऐकलं असतं. मला वाटलं, लान्युनी देईल उत्तर, तो तर फरशीच्या सगळ्यांत जवळ आहे. आज वाटतं की लान्युनी तेच माझ्याबद्दल म्हणत असणार.

"काय म्हणतायत ते?" माझ्या एका पाहुण्याने विचारलं.

"हवामानाबद्दल," मी म्हटलं.

मी वरच्या रस्त्याने गेलो. पाहुण्यांना सांगितलं की मला आतून काहीतरी जाणवतंय. वाटेत तीसेक हत्तींचा कळप अगदी गाडीला घासून गेला. त्या दिवसाबद्दल पाहुण्यांनी माझी इतकी स्तुती लिहिली की माझ्या मालकाने ती छापून भिंतीवर लावली. अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंपावर उद्यानाचा एक रखवालदार आला आणि चहा घेता घेता सांगू लागला. संध्याकाळी साडेपाचला त्याची गाडी मबुयुनीला पोचली, तेव्हा मास्तरांनी आपली लँडक्रूझर रस्त्यावर आडवी लावलेली होती. पुढे फांद्याही टाकल्या होत्या, पण फांद्या म्हणजे पुढे गाडी बंद पडलीय, एवढंच; लोक बाजूने काढतात. म्हणून ते स्वतः पावसात उभे होते. गाडीत एक म्हातारं डच जोडपं आणि त्यांची मुलगी. त्यांना पाचचं विमान पकडून झांझिबारला जायचं होतं. दोनला निघाले असते तर वरच्या रस्त्याने सहज पोचले असते.

"मग निघाला का नाही?" लान्युनीने विचारलं.

"तेच मी विचारलं," रखवालदार म्हणाला. "म्हणाले, माझा रेडिओ बिघडलाय, कुणापर्यंत निरोप पोचला नाही, मी गेलो तर कुणीतरी पाण्यात जाईल. दोनदा टपावर चढून एरियल हलवून बघितली म्हणे. पण गंमत बघा, चार तासांत तिथे एकही गाडी आली नाही. रोज सहा-सात येतात. तुम्हाला कुणाला कळलं होतं का?"

मंदाझीवाल्या बाईने कढईतून झारा काढला आणि आमच्याकडे पाहिलं. आम्ही सात जण होतो.

"मला काल तसंही वरच्या रस्त्यानेच जायचं होतं," लान्युनी म्हणाला.

इतरांनाही कालच वरून जायचं होतं. रखवालदार चहाचा पेला ठेवून गेला. लान्युनीने त्या दिवशी काही खाल्लं नाही, हे मी पाहिलं. आदल्या दुपारी त्याच्या गाडीत पाच माणसं होती आणि फरशीपासून तो दहा मिनिटांवर होता.

डच कुटुंबाने तक्रार लिहिली. पुढे शोसेबाईंनी ती मला दाखवली. त्यात शिवीगाळ नव्हती. आमचा गाइड सभ्य होता, पण त्याचं मन ठिकाणावर नसावं, असं म्हटलं होतं; तो रस्ता अडवून चार तास एका बंद रेडिओशी एकटाच बोलत होता, आम्ही विनवण्या केल्या तरी हलला नाही, या वयाच्या माणसाला कामावर ठेवणं धोक्याचं आहे. तीन सह्या होत्या.

मास्तरांनी चावी टेबलावर ठेवली.

एप्रिलमध्ये आरुशात सगळ्या पर्यटन कंपन्यांची सभा झाली. विषय होता, पाहुणे नाराज होऊन का परततात. काजू होते, गरम समोसे होते. गाड्यांच्या गर्दीबद्दल चिंता व्यक्त करण्यात आली आणि ती कमी करावी असा ठराव झाला. बाहेर पार्किंगमध्ये जागा न मिळाल्याने ड्रायव्हर भांडत होते. मी मालकाला घेऊन आलो होतो. सभा सुटल्यावर मी शोसेबाईंना गाठलं आणि काय घडलं ते सांगून टाकलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे रेडिओ चालू होता."

"हो, बाई."

"मी मेकॅनिककडून तपासून घेतला. तो म्हणाला, उत्तम आहे. मला वाटलं, म्हातारा खोटं बोलतोय." त्यांनी गाडीचं उघडलेलं दार पुन्हा लावलं. "लिहून दे. सातही जणांची सही नको, तुझ्या एकट्याची पुरे. मी ते त्या डच लोकांना पाठवते आणि मास्तरांना उद्या परत कामावर घेते."

"लिहून?"

"तोंडी गोष्ट मी कुणाला दाखवू, तेओ?"

लिहून द्यायचं म्हणजे, धोक्याचा निरोप ऐकूनही मी उत्तर दिलं नाही, हे स्वतःच्या सहीने द्यायचं. त्यावर गाइडचा परवाना जातो. मी म्हटलं, देतो. घरी जाऊन लिहिलंही. अर्धं पान झालं. ते घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि शर्ट बदलला की कागदही नव्या खिशात हलवत राहिलो. असे तीन आठवडे गेले.

मग एका रविवारी मी टेंगेरूला मास्तरांच्या घरी गेलो. ते केळीच्या मुळाशी माती ओढत होते. मला पाहून त्यांना आनंद झाला, आणि तो त्यांनी लपवला नाही. मला ओशाळं वाटलं. त्यांच्या बायकोने चहा आणला. हंगाम कसा होता, पाऊस किती झाला, सगळं विचारून झालं.

"बाईंनी तो रेडिओ बदलला की नाही?" मास्तरांनी विचारलं. "माझ्या जागी जो कुणी येईल त्याला सांग, आधी तो बदलून घे. भरवशाचा नाही."

"रेडिओ चांगला आहे, मास्तर."

त्यांनी बाजूची कुदळ हातात घेतली.

"पहिल्याच वेळी ऐकू आलं," मी म्हटलं. "एक चाळीसला. सगळ्यांना."

"लान्युनीला?"

"त्यालाही."

त्यांनी कुदळीच्या पात्याची माती अंगठ्याने पुसली. बराच वेळ पुसली. "म्हणजे मला दोनला निघता आलं असतं," ते म्हणाले. रागावून नाही, हिशेब लागत नव्हता तो लागावा तसं. "मला वाटलं होतं, रुसवा रडकीपुरता असेल."

मी चहाचा घोट घेतला.

"बाईंना सांगितलंस?"

"सांगितलं. त्या लिहून मागतायत."

"मग? देणार आहेस?"

कागद खिशात होता. मला दोन शब्द बोलायचे होते, एकच बोललो असतो तरी चाललं असतं. जुलैपर्यंतचं माझं बुकिंग भरलं होतं. मी कपातल्या चहाकडे बघत राहिलो. रेडिओवर उत्तराची जेवढी वाट बघायची असते, तेवढी त्यांनी बघितली, त्याहून थोडी जास्तच.

"मिळालं," मास्तर म्हणाले, आणि पुन्हा केळीच्या मुळाशी वाकले.