खोबरेल तेल आणि छप्पन्न नंबरचं इंजिन

मित्रांनो, मी एक जुनं वाफेचं इंजिन आहे. दचकू नका, मी दोन तळहातांत मावतो. वाफ माझ्यातून कधी निघाली नाही, मी विजेवरच धावतो. पण मला खेळणं म्हटलेलं खपत नाही. माझं अंग अस्सल धातूचं आहे आणि दिव्याची काच अजून शाबूत आहे!

१९५६ च्या नाताळात जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या एका मुलाला त्याच्या वडिलांनी मला भेट म्हणून दिलं. तो मुलगा म्हणजेच आजचे लिंडनर आजोबा. तेव्हा माझा थाट काय सांगू! दिवाणखानाभर रूळ पसरायचे. दिशा बदलायची तर विजेचा एक जोराचा झटका द्यायचा, की मी टुणकन उडी मारून उलटा धावायचो. त्या उडीला सगळं घर हसायचं.

पुढे आजोबांच्या रेल्वे क्लबमध्ये डिजिटल यंत्रणा आली. पूर्वी रुळात वीज सोडली की रुळावरची सगळी इंजिनं धावत सुटायची. आता प्रत्येक इंजिनाला स्वतःचा नंबर मिळाला. नंबर पुकारला की तेवढंच हलणार. मला ते पुकारणं कळेना. मग मी आजोबांच्या घरी काचेच्या कपाटात गेलो आणि अकरा वर्षं तिथेच बसलो. आजोबा दर रविवारी माझी धूळ पुसायचे. पण मला धावायचं होतं हो!

२००६ साली वरच्या मजल्यावर नागपूरची क्रांती राहायला आली. ती विद्यापीठात विजेच्या मोटरांवर पीएचडी करत होती. मीटफरट्रागवर, म्हणजे भाड्याच्या करारावर, सही करायला ती खाली आली आणि सही सोडून माझ्याकडेच बघत राहिली.

"मी याला डिजिटल करून देऊ?" तिने विचारलं.

आजोबांना ते पटेना. वडिलांनी दिलेलं इंजिन, त्याला कुणी पकड लावायची? शेवटी म्हणाले, "आल्झो, बरं तर, एकदाच. नाताळाआधी ॲडव्हेंटमध्ये क्लबचं प्रदर्शन असतं, त्यात धावलं तर ठीक. नाही धावलं तर परत कपाटात, आणि मग पुन्हा कुणी हात लावायचा नाही."

क्रांतीच्या हातांना घाई ठाऊक नव्हती. प्रत्येक तार काढण्याआधी तिने तिचं चित्र काढलं. काढलेला प्रत्येक भाग पाकिटात घालून वर नाव लिहिलं. मग नखाएवढा डीकोडर माझ्या पोटात बसवला. पुकारलेला नंबर तोच ऐकतो. माझा नंबर छप्पन्न! प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी मी तिच्या टेबलावर असा अलगद सरकलो, की मलाच माझा हेवा वाटला.

त्याच दुपारी क्रांतीच्या सासूबाई टेबलापाशी आल्या. कांताबाई तीन महिन्यांसाठी नागपूरहून आल्या होत्या. त्यांचं सगळ्यावर एकच औषध, खोबरेल तेल. बाटली हीटरपाशी असायची, म्हणून तेल पातळच असे.

"बाई गं, किती कोरडं पडलंय लेकरू!" असं म्हणत त्यांनी माझ्या दातेरी चाकांत सढळ हाताने तेल सोडलं. मला ओरडावंसं वाटत होतं. पण खरं सांगू? इतक्या मायेने माझ्याशी कधीच कुणी बोललं नव्हतं. घरभर खोबरेलाचाच वास, त्यामुळे संध्याकाळी मला खोक्यात भरताना क्रांतीलाही काही कळलं नाही.

प्रदर्शन जुन्या मालधक्क्याच्या शेडमध्ये होतं. बाहेर बर्फ होतं आणि मी दाराजवळच्या रुळावर तासभर कुडकुडत उभा होतो. माझा नंबर पुकारला गेला. दिवा लागला, मोटर गुणगुणली, पण चाकं हलेनात. क्रांतीने लगेच वीज थांबवली.

"झालं! नव्याच्या नादी लागून चांगलं इंजिन घालवलंत," क्लबमधलं कुणीतरी म्हणालं. आजोबांनी मुकाट्याने खोकं उघडलं. मला कपाट दिसू लागलं.

"एक मिनिट," क्रांती म्हणाली. "दिवा लागला, म्हणजे निरोप पोचला. मोटर गुणगुणली, म्हणजे वीजही पोचली. चाकांनाच काहीतरी धरून ठेवतंय." तिने मला उचलून नाकाशी नेलं आणि सावकाश शेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंकडे पाहिलं.

कांताबाईंचा चेहरा उतरला. त्यांना गप्प राहता आलं असतं. पण त्या पुढे आल्या. "क्रांती, सांग त्यांना. तेल मी घातलं. थंडीत गोठतं हे मला माहीत होतं गं, पण घरातल्या उबेत विसरले. तुझा काही दोष नाही म्हणावं."

क्रांतीने शब्द न् शब्द जर्मनमध्ये सांगितला. आजोबांनी मला हातात घेतलं. पन्नास वर्षांत त्यांनी क्लबमधल्या कुणालाही मला हात लावू दिला नव्हता. त्यांनी मला कांताबाईंच्या ओंजळीत ठेवलं आणि त्यांच्या हातांभोवती आपले हात धरले.

हळूहळू ती ऊब माझ्या चाकांपर्यंत पोचली. तेल सुटलं. मला रुळावर ठेवलं, छप्पन्न पुकारलं, आणि मी धावलो! पुरी फेरी मारली. दिशा बदलताना आता मी उडी मारत नाही, पण आजोबा मात्र टुणकन उडाले.

नंतर क्रांतीने मला उघडून स्वच्छ केलं आणि योग्य तेलाचा एकच थेंब दिला. मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया जरूर करा, पण त्यांना काय लागतं ते आधी जाणत्याला विचारा. आणि चुकलात, तर कांताबाईंसारखे पुढे या. मी कपाटाबाहेर आहे तो त्यामुळेच.

कांताबाई परत जाताना ती बाटली आजोबांना देऊन गेल्या. थंडीने आजोबांच्या हातांना भेगा पडतात ना! आता आजोबा रोज रात्री हातांना खोबरेल चोळतात. सकाळी मला उचलतात तेव्हा तो वास येतो, आणि मला पुन्हा कुणीतरी लेकरू म्हटल्यासारखं वाटतं.