डोळे उघडेपर्यंत

कवळीवाल्याला पांढऱ्या रंगाचा वीट आला होता, आणि तरीही गेली सहा वर्षं तो एका पांढऱ्याच रंगाच्या मागे लागला होता. दिवसभर तो दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून लोकांच्या कवळ्या बनवायचा. पिवळट पांढरा, राखी पांढरा, चहा पिऊन पिऊन मळलेला पांढरा, असे सगळे पांढरे त्याला झोपेतून उठवलं तरी ओळखता आले असते. संध्याकाळी घरी आला की हातपाय धुऊन थेट मागच्या शेडमध्ये. तिथे त्याचे ससे होते. त्याला पांढराशुभ्र ससा हवा होता, पण निळ्या डोळ्यांचा. लाल डोळ्यांचे पांढरे ससे पैशाला पासरी मिळतात, त्यांना कोण विचारतो?

असा एक ससा त्याने एका प्रदर्शनात पाहिला होता. मालक विकेना. हा माणूस दोन तास त्या पिंजऱ्यासमोर उभा होता, जेवायचंसुद्धा विसरला. तिथून जे वेड घेऊन आला ते आलाच. लग्नाचं राहून गेलं होतं, व्यसन कुठलं नव्हतं, तेव्हा हे एवढं चालायचंच असं सगळ्यांनी मानलं.

हा निळा डोळा मोठा कावेबाज असतो. काळ्या-करड्या सशांच्या रक्तात तो लपून बसतो. नर आणि मादी, दोघांच्याही पोटात तो लपलेला असेल, तरच त्यांच्या पिल्लांत एखादं-दुसरं पांढरं, निळ्या डोळ्यांचं निघतं. बाहेरून खूण म्हणाल तर नाकावर पांढरी पट्टी, तीही असली तर असली. पहिली दोन वर्षं कवळीवाल्याने ज्या नरावर घालवली, त्याच्या नाकावरची पट्टी भलत्याच घराण्याची निघाली. मग खरा नर मिळाला. एकदा त्याची दोन पिल्लं पांढरी झालीही, पण डोळे उघडायच्या आत गारठून गेली. कोणते डोळे होते ते कळलंच नाही. आता तो नरही म्हातारा झाला होता. राखाडी नावाच्या मादीशी त्याची जोडी लावली आणि आठवडाभरात तो मेला. राखाडीही काही तरुण नव्हती. म्हणजे ही शेवटची खेप.

"एकदा ते डोळे बघू दे, की पिंजरे भंगारात देतो," असं तो ताईला म्हणाला होता.

ताई त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर इकडे राहायला आली होती. आयुष्यभर इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी पिळून तिचे खांदे कायमचे धरले होते, तरी दिवसा सशांचं दाणापाणी तीच बघायची. सशांना ती "तुझ्या सासरची मंडळी" म्हणायची. "तुझ्या सासरच्यांनी आज पुन्हा भांडं उलथवलं," असं ती संध्याकाळी सांगायची आणि तो कसंनुसं हसायचा. दोघंही इतके थकलेले असायचे की थट्टासुद्धा अर्ध्यावर सोडून द्यायचे.

राखाडीच्या मदतीला त्याने दुसऱ्या एका मादीचीही त्याच दिवशी जोडी लावून ठेवली होती. ती लाल डोळ्यांची, साधी पांढरी, स्वभावाने गरीब; तिला लावलेला नरही तसाच लाल डोळ्यांचा पांढरा. तिला सगळे आया म्हणत. राखाडीला दूध कमी पडलं तर तिची पिल्लं आयाच्या पेटीत सरकवायची, असा बेत. असं करताना पिल्लांच्या कानाला शाईचा ठिपका लावायचा असतो, म्हणजे कुणाचं कोण ते कळतं. हे त्याला पाठ होतं. ताईला सांगायचं मात्र राहून गेलं.

दोघी एकाच सकाळी व्याल्या, तो कामावर गेल्यानंतर. राखाडीने पेटी सोडून पिंजऱ्याच्या जाळीवरच पिल्लं टाकली आणि त्या रक्तातच ती गेली. काही पिल्लं जाळीतून खाली पडली होती. शेजारच्या पिंजऱ्यात आया बावरून तिचीही पिल्लं बाहेर टाकू लागली होती, तीही खाली. ताईने दार उघडलं तर जमिनीवर आणि जाळीवर बोटाएवढे जीव वळवळत होते. तिने काय करावं? तिने ते सगळे पदरात गोळा केले, अंगाशी धरून गरम केले आणि आयाच्या पेटीत घातले. कुणाची आई कोण हे बघायची ती वेळ नव्हती. एकही मेलं नाही.

संध्याकाळी कवळीवाल्याने पेटीत हात घातला. तेरा पिल्लं. तीन काळपट, दहा गुलाबी.

काळपट तीन राखाडीची, यात शंकाच नव्हती, आयाला काळी पिल्लं होणंच शक्य नव्हतं. पण गुलाबी? अंगावर केस नसलेलं पांढरं पिल्लू गुलाबीच दिसतं, मग त्याचे डोळे पुढे लाल निघोत की निळे. डोळे उघडायला दहा-बारा दिवस जातात. काही जाणकार म्हणे बंद पापणीवरूनच सांगतात. त्याने कवळ्या तपासायचं भिंग लावून पाहिलं. ज्या पिल्लाकडे आशेने बघावं त्याची पापणी निळसर दिसायची.

"आयाने आजवर सातच्या वर पिल्लं घातली नाहीत," तो बोटांवर मोजत म्हणाला. "दहातून सात गेली, राहिली तीन. ताई, तीन आपली आहेत यात!"

"सगळीच आपली आहेत की," ताई म्हणाली.

"तसं नाही गं. निळी."

पण आयाला आचळं आठ, तोंडं तेरा. पहिल्या दोन दिवसांतच दिसायला लागलं की दांडगी पिल्लं पोट तटतटेपर्यंत पितात आणि बाकीची सुरकुततात. काहींना वरचं दूध पाजावं लागणार होतं, आणि इतक्या लहान पिल्लाला ड्रॉपरने पाजणं म्हणजे त्याला मरायला थोडा अवधी देणं, हे तो पुरता जाणून होता. आयाजवळ कोणाला ठेवायचं?

"काळी तीन काढ," तो म्हणाला.

ताईने मान वर केली. "ती तर नक्की राखाडीची ना? तूच म्हणालास."

"नक्की तिचीच."

"मग नक्की आहेत ती काढायची आणि ज्यांचं काही ठाऊक नाही ती ठेवायची?"

"अगं, काळ्यांत गुण असला तरी लपलेला असणार. ती मोठी व्हायची, त्यांची जोडी लावायची, मग पुढच्या पिढीत कुठे दिसलं तर दिसणार. आणखी एक वर्ष, नाहीतर दोन." त्याने कपाळ चोळलं. "माझ्यात नाही आता तेवढं. मला आता बघायचंय."

ताईलाही पुढची दोन वर्षं नकोच होती, खरं सांगायचं तर. तिने जुन्या टोपीत कापूस घालून काळ्या तिघांना त्यात ठेवलं आणि टोपी स्वयंपाकघरात शेगडीपासून हातभर अंतरावर ठेवली.

मग जे दिवस सुरू झाले त्यांनी दोघांच्याही नाकी नऊ आणले. सकाळी कामावर जायच्या आधी तो आयाला पेटीवर धरून बसायचा. आधी पाच गुलाबी लावायची, ती तृप्त झाली की दुसरी पाच. आया लाथा झाडायची, त्याच्या मनगटावर ओरखडे उठायचे. मग टोपीतल्या तिघांची पाळी. पिल्लांसाठीची दुधाची पावडर कोमट पाण्यात कालवून थेंब थेंब ओठांवर सोडायचा. घाई झाली की दूध नाकात जायचं. घाई तर रोजचीच होती. दुपारचं पाजणं ताईकडे. तिच्या खांद्यातून कळा यायच्या, हात कापायचा, अर्धं दूध कापसात सांडायचं. संध्याकाळी तो यायचा तो आधी पेटीकडे जायचा. गुलाबींची पोटं बघायची, त्यांना अंगठ्याने चोळायचं, त्यांच्याशी लाडे लाडे बोलायचं. टोपीकडे यायचा तेव्हा त्याच्यात काही उरलेलं नसायचं.

दवाखान्यात त्याने एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कवळीत समोरचे दोन दात उलटे बसवले. दंतवैद्य संतापायच्या ऐवजी काळजीने म्हणाले, "अहो, घरी कुणी आजारी आहे का?"

"आहेत थोडे," तो म्हणाला.

पहिलं काळं पिल्लू पाचव्या दिवशी गेलं. दुसरं त्याच्या दुसऱ्या दिवशी. तिसरं चिवट होतं. त्याच्या अंगावर आता बारीक मखमल आली होती, ते ड्रॉपरला पुढच्या पायांनी धरायचं. ताई म्हणाली, "याला एकदा तरी आयाला लाव रे. एका वेळेला काय होतंय!"

"दहांनाच पुरत नाही, ताई."

त्या संध्याकाळी तो इतका दमला होता की टोपीकडे गेलाच नाही. ताईने पाजलं असेल असं त्याने धरलं. त्याने पाजलं असेल असं ताईने धरलं. सकाळी टोपीतलं पिल्लू थंड होतं. कवळीवाल्याला वाईट वाटलं, पण त्याआधी, अगदी आधी, एक काम कमी झालं असं वाटलं. ते त्याने स्वतःपासूनसुद्धा लपवलं.

गुलाबी दहा मात्र एकजात जगली. अंगावर दुधासारखी लव आली, पोटं गोल झाली. तेरातली दहा वाचवली, तीही एका मादीवर! त्याला स्वतःचाच अभिमान वाटला. बऱ्याच दिवसांनी तो आंघोळ करताना गुणगुणला.

अकराव्या दिवशी त्याने रजा टाकली. शेडमध्ये खिडकीखाली सतरंजी अंथरली, पेटी पुढ्यात घेतली. ताई दारात स्टुलावर बसली.

पहिल्या पिल्लाच्या पापण्या चिरल्या होत्या. त्याने ते उजेडाकडे धरलं. लाल. असणारच, सात तर आयाची होती. दुसरं, लाल. तिसरं आणि चौथं, लाल. सातवं लाल निघालं तेव्हा तो चक्क हसला. "झाली आयाची सात," तो म्हणाला, "आता आपली." त्याने आठवं उचललं. ते लाल होतं. नवव्याचा एकच डोळा उघडला होता, तोही लाल. दहाव्याचे दोन्ही डोळे मिटलेले होते. त्याने कापूस कोमट पाण्यात बुडवला, पापण्यांवरून हलकेच फिरवला, फुंकर घातली, पुन्हा फिरवला. पापणी सुटली.

माणकासारखा लाल डोळा त्याच्याकडे बघत होता. निरोगी, टवटवीत.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. कवळीवाल्याने ते पिल्लू खाली ठेवलं नाही. आपल्याला रडू येईल असं त्याला वाटत होतं, ते आलं नाही.

"दहाच्या दहा आयाचीच," तो म्हणाला.

"हं."

"म्हणजे राखाडीची तेवढीच होती. टोपीतली."

ताईने मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"तीन पिल्लं राहिली होती त्या रक्तातली. नाकावर पट्टी यायची होती की नाही कोण जाणे. तीसुद्धा मी दुसरीच्या पिल्लांसाठी उपाशी मारली, ताई."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने नाही म्हणावं, ड्रॉपरवर कधी कुणी जगतं का असं म्हणावं, तुझा काय दोष असं म्हणावं, म्हणून पाहिलं. लहानपणापासून ती त्याच्यासाठी पुष्कळ खोटं बोलली होती, आईशी, मास्तरांशी, शेजाऱ्यांशी. तेवढं आणखी एक ती बोलेल असं त्याला वाटलं.

"हो," ताई म्हणाली. "मारलीस. मीही बघत बसले."

मग ती स्टुलावरून उठली, भिंतीला धरून हळूहळू त्याच्या शेजारी सतरंजीवर बसली आणि त्याच्या हातातलं पिल्लू आपल्या ओंजळीत घेतलं.